ऋतू बदलला, पण ताट कधी बदलायचं?

जूनचा तिसरा आठवडा. महाबळेश्वरात चार दिवस सूर्य दिसलेला नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल धरलेली. त्याच दिवशी त्याच सातारा जिल्ह्यातल्या दहिवडीत धुळीचा वारा सुटलेला असतो आणि लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, दहिवडीच्या माण तालुक्यात ५००च्या आसपास. सांगलीकडे शिराळा आणि जत यांच्यातही असंच अंतर आहे. मोबाइलवर फिरणारा ‘पावसाळ्यात हे खा, ते टाळा’ हा तक्ता मात्र सगळ्यांना एकच. त्यातल्या कुणाला तरी तो चुकीचा ठरणार, हे उघड आहे.

आयुर्वेदात ऋतूनुसार वागण्याला ऋतुचर्या म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सहावा आणि अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातला तिसरा अध्याय याच विषयावर आहेत. अष्टांगहृदय माघापासून दोन-दोन महिन्यांचे ऋतू मोजतं: शिशिर, वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत. या हिशेबात ज्येष्ठ-आषाढ म्हणजे ग्रीष्म. आता मृग नक्षत्र लागतं ७-८ जूनला, म्हणजे बहुतेक वर्षी ज्येष्ठातच, आणि पाटण-जावळीत आषाढात भाताची लावण चालू असते. तिथं आषाढाला उन्हाळा कोण म्हणेल?

ही अडचण जुन्यांनाही माहीत होती. सुश्रुतसंहितेत ऋतूंची आणखी एक मांडणी आहे. तिच्यात आषाढ-श्रावणाला ‘प्रावृट्’ म्हणजे पावसाची सुरुवात, आणि भाद्रपद-आश्विनाला वर्षा म्हटलंय. सह्याद्रीलगतच्या तालुक्यांना यातला पहिला भाग चपखल बसतो. माण, खटाव, आटपाडी, जत हा पर्जन्यछायेचा भाग, तिथला भरवशाचा पाऊस सप्टेंबरकडे येतो, म्हणून त्यांना दुसरा. शिवाय ग्रंथांत प्रदेशाचेही प्रकार आहेत. पाणी आणि झाडी भरपूर तो आनूप, कोरडा आणि वाऱ्याचा तो जांगल, मधला तो साधारण. कोयनेचं खोरं आनूप, जत-आटपाडी जांगल, कराड ते सांगली हा कृष्णाकाठ साधारण. थोडक्यात, महिना हा अंदाज झाला. पुढचे सगळे नियम लावायचे ते दारातलं हवामान बघून.

पोटातली चूल आणि साठणारा दोष

ऋतुचर्येचा सगळा हिशेब दोन गोष्टींवर चालतो. पहिली गोष्ट अग्नी, म्हणजे पचनाची ताकद. थंडीत ती सर्वांत जास्त असते, उन्हाळ्यात उतरत जाते आणि पावसाळ्यात तळाला जाते. एरवी चार भाकऱ्या पचवणाऱ्या माणसाला जुलैत अडीचही जड होतात, ते यामुळे. अग्नी ठीक आहे का हे ओळखायला वैद्य लागत नाही. आधीचं जेवण पचलं असेल तर ढेकर स्वच्छ येते, तिला अन्नाचा वास नसतो. पोट साफ होतं, अंग हलकं वाटतं, भूक आणि तहान आपणहून लागते. यातलं काही नसताना केवळ घड्याळात एक वाजला म्हणून ताटावर बसायचं नाही.

दुसरी गोष्ट दोषांचा, म्हणजे वात, पित्त आणि कफ यांचा साठा. दोष ज्या ऋतूत साठतो त्या ऋतूत तो फारसा त्रास देत नाही, त्रास पुढच्या ऋतूत होतो. वात उन्हाळ्यात साठतो आणि पावसाळ्यात भडकतो. पित्त पावसाळ्यात साठतं आणि शरदात भडकतं. कफ थंडीत साठतो आणि वसंतात पातळ होऊन वाहू लागतो. म्हणून ऑक्टोबरात छातीत जळजळ सुरू झाली की कालच्या मिसळीला दोष देऊन भागत नाही. जुलै-ऑगस्टात रोज काय खाल्लं, तिकडेही बघावं लागतं.

बदल एका दिवसात करू नका

सगळ्यात जास्त चूक होते ती इथं. पहिला पाऊस पडला की त्याच संध्याकाळी भजी, दुसऱ्या दिवशी दह्याला सुट्टी, तिसऱ्या दिवशी सुंठ-मिऱ्याचा काढा. उत्साह दांडगा! अष्टांगहृदयाचं सांगणं नेमकं याच्या उलट आहे. सरत्या ऋतूचे शेवटचे ७ दिवस आणि येणाऱ्याचे पहिले ७ दिवस मिळून ऋतुसंधी. या १४ दिवसांत जुनी पद्धत क्रमाक्रमाने सोडायची आणि नवी धरायची. एकदम सोडलं किंवा एकदम धरलं, तर शरीराला सवय नसल्यामुळेच आजार होतात, असं तिथं स्पष्ट म्हटलंय.

क्रमाक्रमाने म्हणजे किती? जुन्या सवयीचे चार वाटे करायचे, एकेक चतुर्थांश सोडायचा, आणि दोन पायऱ्यांमधलं अंतर वाढवत न्यायचं. वापरात असलेली एक रीत अशी: पहिल्या दिवशी एक वाटा नवा, तीन जुने. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी निम्मं-निम्मं. चौथ्या ते सहाव्या दिवशी तीन वाटे नवे, एक जुना. सातव्या दिवसापासून सगळं नवं. समजा मे महिनाभर रोज चार वाट्या आमरस आणि गार पाणी चाललंय. मग पहिल्या दिवशी तीन वाट्या रस आणि चौथीच्या जागी मुगाचं कढण, पुढचे दोन दिवस दोन वाट्या, त्यानंतर तीन दिवस एक. पाण्याचंही तसंच: फ्रिजमधून माठावर, माठावरून साध्यावर, साध्यावरून कोमटावर.

चहा किंवा तंबाखूसारखी मुरलेली सवय चतुर्थांशानेही सुटत नाही. तिच्यासाठी चतुर्थांशाचाही चतुर्थांश, म्हणजे सोळावा हिस्सा सोडत जाण्याची मुभा ग्रंथांनीच दिली आहे.

पावसाळा

चरकांनी पावसाळ्यात अग्नी मंदावण्याची कारणं दिली आहेत. उन्हाळ्याने शरीर आधीच दुबळं झालेलं असतं. त्यात तापलेल्या जमिनीतून वाफ निघते, पाऊस पडतो आणि पाणी आंबट गुणाचं होतं. भाषा जुनी आहे, पण दमट हवा, गढूळ पाणी आणि मेलेली भूक हे त्रिकूट कुणालाही ओळखता येईल. याच ऋतूत नदीचं पाणी पिऊ नका असं तिथं लिहिलंय. जुलैतली लालसर कृष्णा बघितली की त्यावर वेगळं भाष्य लागत नाही. नळाचं पाणी गढूळ येत असेल तर आधी चौपदरी स्वच्छ कापडातून गाळा, मग उकळा. मोठे बुडबुडे यायला लागल्यावर पुढे पूर्ण १ मिनिट उकळू द्या आणि त्याच भांड्यात झाकून निवू द्या. उकळलेलं पाणी न धुतलेल्या कळशीत ओतलं, की केलेली मेहनत वाया जाते.

धान्य जुनं, म्हणजे निदान वर्षभर ठेवलेलं वापरायचं. नवा तांदूळ चिकट आणि जड, जुना मोकळा आणि हलका. ज्वारी हलकी असली तरी कोरडी आहे, आणि पावसाळा वाताचा ऋतू, म्हणून शाळूच्या भाकरीला तूप किंवा तेल हवंच. बाजरीचं पीठ या दिवसांत चार-सहा दिवसांत कडवट होतं, त्यामुळे दळण थोडं-थोडं आणायचं. मटकी, वाटाणा, वाघ्या घेवडा हे वात वाढवणारे आणि पचायला जड. करायचेच झाले तर आठवड्यातून एकदा, मोड आणून, पूर्ण शिजवून, हिंग-लसणाची फोडणी देऊन. घेवडा कोरेगावचा असला तरी जुलैत तो पोटात गुडगुडतोच.

रोजचं कालवण म्हणून मुगाचं कढण सर्वांत चांगलं. अर्धी वाटी मूग मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत कोरडे भाजा. धुऊन सात वाट्या पाण्यात, म्हणजे चौदापट पाण्यात, मूग फुटेपर्यंत शिजवा. मग न घोटता गाळून वरचं पाणी घ्या. एक चमचा तुपात पाव चमचा जिरं आणि चिमूटभर हिंग टाकून फोडणी द्या, वर दोन आमसुलं, सैंधव आणि दोन चिमटी सुंठ. बहुतेक घरांत मूग रवीने घोटले जातात. मग ते वरण होतं, कढण राहत नाही आणि हलकेपणाही जातो. गाळलेले मूग टाकायचे नाहीत, घरात ज्याची भूक चांगली आहे त्याला उसळ करून द्या.

जेवणाआधी नखाएवढा आल्याचा तुकडा सैंधव लावून चावला तर भूक उघडते. पोट चार भागांचं समजून दोन भाग अन्न, एक भाग पाणी आणि एक भाग मोकळा ठेवायचा. दुपारची झोप या ऋतूत बंद. झोपलंच तर संध्याकाळी भूक लागत नाही आणि रात्रीचं जेवण सकाळपर्यंत पोटात बसतं.

आता आखाड तळण्याबद्दल. तिखटा-मिठाच्या पुऱ्या आणि कापण्या हे सगळं आयुर्वेदाविरुद्ध आहे असं समजायचं कारण नाही. झड लागलेल्या, गार वाऱ्याच्या दिवशी आंबट, खारट आणि स्निग्ध खावं असं ग्रंथच सांगतात, कारण तसल्या दिवशी वात जोरात असतो. पण हा नियम त्या दिवसापुरता आहे. डबाभर पुऱ्या करून ऊन पडलेल्या दिवशीही त्या आठवडाभर खाणं हा निराळा प्रकार. श्रावणातल्या उपासाचंही तसंच होतं. मंद अग्नीला विश्रांती म्हणून लंघन चांगलं, पण साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस आणि वर केळं, म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. वरईचे तांदूळ भाजून, पातळ शिजवून खाल्ले तर उपास उपास राहतो.

दह्याची बाब बऱ्याच जणांना उलटी वाटेल. दही रात्री खाऊ नये, गरम करून खाऊ नये, आणि वसंत, ग्रीष्म व शरदात खाऊ नये असा दंडक आहे. राहिले हेमंत, शिशिर आणि पावसाळा, या तीन ऋतूंत दिवसा चालतं. म्हणजे आपण उन्हाळ्यात ‘थंड’ म्हणून वाटीभर दही खातो आणि पावसाळ्यात ‘सर्दी होईल’ म्हणून घाबरतो, दोन्ही उलट. दही स्पर्शाला गार असलं तरी गुणाने उष्ण मानलंय, हे त्यामागचं कारण. ज्याला पावसाळ्यात मुळातच सर्दी-दमा आहे, त्याने मात्र तेव्हाही दूरच राहावं.

हा सगळा भाग महाबळेश्वर, पाटण, शिराळ्यासाठी. दहिवडी किंवा जतला जुलैत पाऊस नसेल, नुसता कोरडा वारा असेल, तर अग्नी तितका बुडालेला नसतो पण कोरडेपणा जास्त असतो. तिथं आल्या-सुंठीचा मारा न करता तूप, दूध, पातळ गरम जेवण आणि आंघोळीआधी तेल यावर भर द्यायचा. पावसाळ्याची पूर्ण पथ्यं सप्टेंबरात पाऊस लागल्यावर.

जुलाब लागले तर कढणाच्याही आधी पाणी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, घोट-घोट चालू ठेवायचं. मिठाचं माप वाढवू नका, लहान मुलांना ते घातक ठरतं. शौचातून रक्त येणं, लघवी कमी होणं, मूल मलूल पडणं, दोन दिवसांवर ताप, यातलं काहीही दिसलं तर दवाखाना गाठायचा. डेंगी आणि लेप्टोस्पायरोसिसचे दिवस हेच असतात, काढ्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

ऑक्टोबरचा चटका

पावसाच्या गारव्याला सवयलेल्या अंगावर एकदम ऊन पडतं आणि साठलेलं पित्त भडकतं. चरकांनी शरदाचं वर्णन याच शब्दांत केलंय. कासच्या पठारावर फुलं बघायला गर्दी होते त्याच सुमारास हा बदल सुरू होतो: सकाळी धुकं, दुपारी चटका, आणि घराघरांत आंबट ढेकरा, तोंड येणं, अंगावर पित्त उठणं, डोळ्यांची आग.

इथं सर्वांत मोठी गफलत म्हणजे पावसाळ्याचं औषध शरदात चालू ठेवणं. जुलैत उपयोगी पडलेला काढा, जेवणाआधीचं आलं, आंबट-खारट कालवण, सगळं आता उलटतं. भावप्रकाश या ग्रंथात तर आलं ग्रीष्म आणि शरदात घेऊ नये असं नाव घेऊन सांगितलंय. जुलैत चाललं म्हणून नोव्हेंबरपर्यंत चालेल, हा हिशेब पित्ताला कळत नाही.

चवी बदलून कडू, गोड आणि तुरट करायच्या. पडवळ, कारलं, दुधी, मूग, तांदूळ, तूप, आवळा, खडीसाखर. पडवळाची भाजी लाल तिखटाच्या जागी मिरीवर आणि शेंगदाण्याच्या कुटाऐवजी भिजवलेल्या मूगडाळीत करा. घाटावरचा माणूस कूट सहजासहजी सोडणार नाही हे मान्य, निम्मं केलं तरी पुष्कळ. हुलगा कडक उष्ण, म्हणून माडगं थंडीपर्यंत लांबवा. खर्डा आणि लसणाचं तिखट भडंग मुठीवर ठेवा, ताटलीवर नको. दही, तेलकट, दुपारची झोप, उन्हात फिरणं आणि पोट तुडुंब भरेपर्यंत जेवणं हे सगळं वर्ज्य. नेमका पितृपंधरवडा, नवरात्र आणि दसरा याच काळात येतात. सणाला पंगत मोडू नका, पण त्या रात्री मुगाची पातळ खिचडी किंवा काहीच नको.

कोजागरीचं दूध पित्ताला शांत करणारंच आहे, आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी चांदण्यात बसणं हा शरदाचा ग्रंथोक्त उपाय आहे. बिघडतं ते दुधासोबत भजी आल्यामुळे आणि बारा वाजता पोटभर जेवून वर पेला घेतल्यामुळे. संध्याकाळी हलकं खा, तीन तास जाऊ द्या, मग पाऊण पेला पुरे.

या ऋतूत विरेचन (औषधाने जुलाब करवणं) आणि रक्तमोक्षण (दूषित रक्त काढणं) सांगितलंय, पण ती वैद्याच्या देखरेखीखालची कर्मं आहेत. दुकानातून जुलाबाचं चूर्ण आणून घरच्या घरी विरेचन करायला जाऊ नये. मधुमेह, गर्भारपण, मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर खडीसाखर, गूळ आणि सैंधवाचं प्रमाणही आधी डॉक्टरांना विचारून ठरवा. सैंधव हेही मीठच.

थंडी आणि तिच्या पुढचं

हेमंत-शिशिराला फार सांभाळावं लागत नाही. अग्नी जोरात असतो, रात्री मोठ्या असतात, सकाळी उठल्या-उठल्या भूक लागते. तिला काही दिलं नाही तर अग्नी शरीरातलाच रस जाळतो, असं आयुर्वेद मानतो, म्हणून थंडीत न्याहारी चुकवून वजन उतरवायला जाऊ नका. गंमत म्हणजे पिकांचं वेळापत्रकही याला धरून आहे. नवा तांदूळ, गुऱ्हाळातला ताजा गूळ-काकवी, हुरडा, तीळ, उडीद ही सगळी जड मंडळी तेव्हाच येतात जेव्हा पोट ती पेलू शकतं. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मिसळीची भाजी म्हणजे या ऋतूचं पूर्ण ताट. हुलग्याचं माडगं आता खुशाल करा, साताऱ्याचा कंदी पेढाही आता.

रोज किंवा निदान एक दिवसाआड तेल लावा. दोन-तीन मोठे चमचे तिळाचं तेल वाटीत घेऊन वाटी गरम पाण्यात ठेवा, थेट आचेवर नको. हातापायांना लांब, सांध्यांना गोल, पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हात फिरवा. दहा मिनिटं चोळा, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, मग गरम पाण्याने आंघोळ. ताप, अपचन, कफाचा जोर असताना किंवा नुकतं जेवल्यावर तेल लावायचं नाही. आणि मोरीची फरशी आधी घासून घ्या, तेलकट पायांनी पडून मनगट मोडणारे कमी नसतात.

रंगपंचमीच्या आगेमागे थंडीचं हे ताट बंद करायची वेळ येते, आणि ते बंद होत नाही. कफ वितळायला लागलेला असताना गूळ-तूप-लाडू चालूच राहतात, मग एप्रिलभर शिंका, जड डोकं आणि सुस्ती. वसंतात जुने गहू, जव, मूग, कडू-तिखट चव आणि घाम येईल इतकी हालचाल हवी. तेलाच्या जागी कोरडं उटणं, खालून वर चोळायचं. पाडव्याचा कडुलिंब हा त्याच क्रमातला आहे, फक्त तो एक पान तोंडाला लावून संपवण्याऐवजी पुढचे आठ-दहा दिवस सात-आठ कोवळी पानं जिरं-मिठाबरोबर वाटून घेतली तर त्याला अर्थ. मध घ्यायचा तर साध्या पाण्यातून, गरम पाण्यातून नाही.

उन्हाळ्यात गोड, गार, पातळ आणि थोडं स्निग्ध. दोन मोठे चमचे सातूचं पीठ, पेलाभर माठातलं पाणी, साखर आणि थेंबभर तूप, दुपारी अकराच्या सुमारास. व्यायाम निम्म्यावर, आणि दुपारची झोप फक्त याच ऋतूत चालते. ताकाबद्दल मात्र ग्रंथांचं म्हणणं आहे की उष्णकाळात ते देऊ नये. त्याला आंबट होऊ न देता, सकाळीच घुसळून, चौपट पाणी घालून, साखर-जिऱ्यानिशी प्यायलं तर बहुतेकांना सोसतं. संध्याकाळपर्यंत ठेवून आंबलेलं ताक मिरचीच्या फोडणीसह प्यायलं तर गारवा सोडाच, लघवीला जळजळ होते.

आणि मे महिन्यात वळीव कोसळला, गारवा आला, मातीचा वास सुटला, तरी सातू आणि माठ आवरून ठेवू नका. वळीव म्हणजे पावसाळा नव्हे, दोन दिवसांत ऊन परत येतं. सलग चार-पाच दिवस आभाळ गच्च राहिलं, वारा दमट झाला आणि दुपारची भूक खरोखर उतरली, की मग पहिल्या दिवसाची पहिली वाटी कढण.